न लागलेली आग

रुपीबाईच्या नाकावर राग असतो, असं तांड्यातले लोक म्हणायचे. ते काही खरं नव्हतं. तिचा राग जिभेवर असायचा, आणि तिथंही तो फार वेळ थांबायचा नाही. पण त्या चैत्रात तिला जो राग आला तो बोलून संपणारा नव्हता. डोंगरावर कधी लागलीच नाही अशा आगीसाठी तिच्या नवऱ्याला जेल झाली होती, आणि त्याला तिथवर पोचवलं होतं घरच्याच माणसांनी.

गोष्ट त्रेसष्ट सालची. फुलसावंगी गाव मागं टाकून पैनगंगेकडं निघालं की शेतं सरतात आणि जंगल लागतं. जंगलाच्या तोंडाशी तिचा बंजाऱ्यांचा तांडा, पुढं ओढा, आणि ओढ्यापलीकडं सालईचा डोंगर. उन्हाळ्यात सालईला पान राहत नाही, पण सालीतून चीक झरत असतो, वाळला की त्याचा धूप होतो. वारा पडला आणि ऊन चढलं की दुपारी डोंगराच्या माथ्यावर निळसर थर धरायचा. तांडा त्याला निळाई म्हणायचा. डोंगराला घाम येतो, एवढंच म्हातारी माणसं सांगायची. घाम कशाचा, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं काही कारणही नव्हतं.

रुपीबाईचा नवरा शंकरसिंग त्या डोंगराचा उन्हाळी राखणदार होता. मचाणावर बसायचं आणि धूर दिसला की नाकेदाराला, म्हणजे जंगल खात्याच्या शिपायाला, वर्दी द्यायची, हे त्याचं काम. माणूस शांत. वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. हा स्वभाव रुपीबाईला आवडायचा आणि याच स्वभावाचा तिला वीट यायचा.

त्या वर्षी मात्र त्यानं एक हट्ट धरला. मोहाची फुलं वेचायच्या आधी झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करायची, ही सगळ्या जंगलपट्टीची रीत. एखादे वर्षी तो विस्तव हाताबाहेर जायचा आणि अर्धा डोंगर काळा पडायचा. यंदा काडी लावायची नाही, झाडूनं झाडायचं, असं शंकरसिंग घरोघर फिरून सांगून आला. बायांच्या कमरा मोडल्या. सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या, रुपीबाईनं सगळ्यांच्या आधी घातल्या, पण झाडलं. तांड्याचा नायक भीमसिंग म्हणजे शंकरसिंगचा सख्खा चुलता. त्याच्या बायकोनं, धनीबाईनंही नाक मुरडत का होईना, झाडूच हातात घेतला.

नेमका तेव्हाच नवा रेंजर आला, सदाशिवराव नावाचा. ओढ्याच्या अलीकडं, तांड्यापासून दूर एका टेकाडावर त्याचा बंगला होता. मागंपुढं सालई आणि मोहाची झाडं. व्हरांड्यात खुर्ची टाकली की समोर डोंगर. आल्या आल्याच त्याला डोंगरावर निळा धूर दिसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसला. राखणदाराकडून वर्दी मात्र नाही. मोहाचे दिवस, तांडा जवळ, राखणदार तांड्यातलाच. साहेबानं एकाला एक जोडलं आणि त्याला सगळं स्वच्छ कळलं. शिकलेल्या माणसाला कळायला वेळ लागत नाही, डोंगरापर्यंत चालत जायला तेवढा लागतो.

तो जीप घेऊन तांड्यात आला आणि खाली न उतरताच बोलला.

"रोज डोंगरावर धूर निघतो आणि तुम्ही मला सांगता, आग नाही. लावणारा माणूस माझ्यासमोर आणा. तोवर जंगलात एकानंही पाय टाकायचा नाही. मोह नाही, चराई नाही."

शंकरसिंग पुढं झाला. "सायेब, तो धूर नोहे. निळाई हाय ते. दरसाल येते."

"तू तर बोलूच नकोस," साहेब म्हणाला आणि जीप वळवली.

ऊन उतरल्यावर नायकाच्या दारी नसाब बसली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. पुरुष गोलात बसले. बाया मागं, तोंडावर घुंगट ओढून. मोह गेला तर वर्षाचं मीठमिरची गेलं आणि चराई गेली तर जनावरं गेली, हे सांगायची गरजच नव्हती. भीमसिंगनं बराच वेळ चिलीम ओढली. मग त्याला जुनी वाट आठवली.

"आपन लदेनीवर होतो तव्हा काय करे आपले बापजादे?" तो म्हणाला. लदेनी म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखामुलखात फिरायचे ते दिवस. "बैल कोनाच्या वावरात घुसला, तं बैल कोनाचा हे कोनी पाहेना. नायक एक मानूस पुढं करे. वावरवाला त्याले चार शिव्या देये, भाकर खाऊ घाले, सोडून देये. तांडा आपल्या वाटेनं जाये. आपल्याले बी तेच करा लागते. शंकर, तू जाय. तू राखणदार, सायेबाले तुहंच खरं वाटन. सांग का पाचोळा म्याच पेटवला."

गोलातल्या माना खाली गेल्या. शंकरसिंगनं होकारार्थी मान हलवली. त्याची ती हललेली मान पाहून रुपीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नसाबीत बाईनं बोलायचं नसतं, आणि चुलतसासऱ्यापुढं तर मुळीच नाही. ती घुंगटाच्या आतूनच बोलली.

"आग कोठं लागली ते तं पैले दाखवा. जागा दाखवा. राख दाखवा. जे लागलंच नाई ते त्यानं कायले कबूल करावं?"

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. भीमसिंगनं तिच्याकडं पाहिलंही नाही. "शंकर, बायकोले गप कर."

शंकरसिंग मागं वळून एवढंच म्हणाला, "नायकाचा शब्द हाय, रुपी."

घरी आल्यावर तिनं त्याला सोडलं नाही. "झाडू मारा लावला म्हून बायाईच्या डोळ्यात तू खुपतं. नायकाच्या घरच्याईच्या बी खुपतं. म्हून तुलेच पुढं केलं त्यायनं, समजते का तुले? आन तू राखणदार. तुह्या डोळ्यायनं धूर पाह्यला का तू?"

"नाई पाह्यला."

"मंग कायले जातं?"

"सायेब शिव्या देईन घडीभर, आन सोडून देईन. एका दिसाची गोस्ट हाय. तांड्याचा मोह वाचते."

ती रात्रभर त्याच्याशी बोलली नाही. पुढं तिला याचा फार पस्तावा झाला, कारण सकाळी तो गेला तो गेलाच.

साहेबानं चार शिव्या दिल्याच नाहीत. भाकर तर नाहीच नाही. शंकरसिंगचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, लिहून काढलं, आणि नाकेदारासोबत त्याला तालुक्याला धाडलं. कोर्टात विचारलं, आग तू लावली का. हो म्हणाला. नायकानं तेवढंच सांगितलं होतं. महिन्याची जेल झाली. राखणदारीही गेली, आणि पुन्हा जंगल खात्याच्या कामावर घ्यायचं नाही असंही ठरलं. नाकेदार हे सांगायला आला तेव्हा भीमसिंगच्या हातातली चिलीम तशीच राहिली. "असं कसं? आपन तं मानूस पुढं केला होता," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. दुनिया बदलली होती आणि नायकाला कुणी कळवलं नव्हतं. रुपीबाईला त्याची कीव आली नाही. तिला त्याची चिलीम हिसकावून ओढ्यात फेकावीशी वाटली.

जंगल मात्र खुलं झालं. दुसऱ्याच पहाटे बाया टोपल्या घेऊन मोहाखाली गेल्या. रुपीबाई गेली नाही. ती बंगल्यावर गेली.

फाटकाशी उन्हात बसून राहिली. नाकेदारानं दोनदा हुसकलं, ती हलली नाही. दुपार झाली, वारा पडला, आणि समोरच्या डोंगरावर निळाई उभी राहिली. साहेब व्हरांड्यात आला, त्यानं पाहिलं, आणि कपाळाला आठी घातली. लावणारा तर जेलात होता.

"सायेब," रुपीबाई उठली, "आग कोन लावते ते दाखवते तुमाले. आत्ताच चाला. पायी चाला, जीपचा आवाज येते."

साहेब लगेच निघाला. चोर हातात सापडणार म्हटल्यावर उन्हाचं काही वाटत नाही. ओढा उतरले, चढण लागली. जसजसे वर गेले तसतशी निळाई पातळ होत गेली आणि माथ्यावर पोचले तेव्हा तिचा मागमूस नव्हता. उघड्याबोडक्या सालई उन्हात उभ्या होत्या. सालीवर चीक चकाकत होता आणि देवळातल्यासारखा धुपाचा वास भरून राहिला होता. रुपीबाई खाली बसली, पाचोळ्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर काढून साहेबापुढं धरला.

"पाहा. जळलंय का? काळं हाय का कोठं?"

"माणसं विझवून पळाली असतील," साहेब धापा टाकत म्हणाला.

या उत्तरानं तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कोर्टातही हेच झालं, नसाबीतही हेच. ठरवायचं आधी, पाहायचं मागून. ती पुढं झाली, साहेबाच्या खांद्याला हात लावून त्याला गर्रकन मागं फिरवलं. परक्या पुरुषाला तिनं आजवर कधी हात लावला नव्हता.

"मंग तिकडं पाहा. तुमचा बंगला जळून राह्यला, सायेब."

टेकाडावर, बंगल्यामागच्या झाडांवर, तोच निळा थर धरला होता. कौलं निळ्यात बुडालेली. साहेब खरंच दोन पावलं धावला. मग थांबला. फाटक त्यानंच तर बंद केलं होतं, आणि आपण तिथून निघालो तेव्हा तिथं काहीच नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं.

"मी वाचलंय हे," तो हळूच म्हणाला, स्वतःशीच बोलल्यासारखा. "झाडांतून एक प्रकारची तेलकट वाफ निघते. चिकाला वास येतो ना, तीच. उन्हात, हवेत, तिचे कण बनतात. इतके बारीक की जवळून दिसत नाहीत. ते तरंगत राहतात, आणि लांबून पाहिलं की निळा धूर दिसतो. परदेशातल्या कुणीतरी लिहिलं होतं. दोनतीन वर्षं झाली. मी वाचलं होतं."

"वाचलं होतं?"

"हो."

"वाचलं होतं, आन माह्या मानसाले जेलात टाकलं?"

साहेबानं रुमालानं तोंड पुसलं. "पण बाई, त्यानं स्वतः कबूल केलं. कोर्टापुढं. आता ते माझ्या हातात नाही."

साहेब खोटं बोलत नव्हता. कबूल केलंच होतं. तिच्या नवऱ्यानं आपल्या तोंडानं केलं होतं, नायकानं करवलं होतं, आणि अख्खा तांडा माना खाली घालून बसला होता. ज्याला जाऊन चोपावं असा चोर डोंगरावर नव्हताच. होते ते सगळे घरचे.

ती डोंगर उतरली आणि तांड्यात कुणाच्या घरचं पाणीही प्यायली नाही.

आता मचाणावर कुणी नव्हतं. झाडू मारा म्हणणारा जेलात होता. बायांनी चार दिवस झाडलं, पाचव्या दिवशी धनीबाईनं कमरेला हात लावला आणि म्हणाली, आता कोन पाहून राह्यलं. तिनं आपल्या मोहाखाली काडी ओढली.

रुपीबाई ओढ्यावर धुणं धूत होती. तिनं सहज वर पाहिलं. डोंगरावर धूर होता. निळाई नव्हे, धूर. निळाईला बूड नसतं, ती नुसती वर पसरलेली असते. याला बूड होतं. एका जागेवरून तो पिवळाकरडा उठत होता आणि वाऱ्याबरोबर माथ्याकडं कलत होता. तिनं बंगल्याकडं पाहिलं. व्हरांड्यात साहेब बसलेला दिसत होता, पाय लांब करून.

जळू दे, असं तिच्या मनात आलं. अगदी स्वच्छ आलं, ते काही लपवण्यासारखं नाही. ज्या डोंगराच्या घामापायी माझा माणूस गेला तो जळू दे, नायकाचा मोह जळू दे, सगळ्यांचा जळू दे. तिनं हातातलं लुगडं पिळलं. मग तेच ओलं लुगडं खांद्यावर टाकून ती वर पळत सुटली. शंकरसिंगनं हा डोंगर इतके उन्हाळे राखला होता, एवढंच कारण. पळता पळता ती तांड्याच्या नावानं जी बोंब मारत होती ती शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेली.

सगळा तांडा आला. हिरव्या फांद्या मोडून, ओली फडकी घेऊन विस्तव झोडपला. धनीबाईचा मोह गेला, आजूबाजूची काही झाडं गेली, पण माथ्यावरच्या सालई वाचल्या. त्या चिकाच्या झाडांनी पेट घेतला असता तर तांडाही राहिला नसता. सगळे काळे होऊन बसले होते तेव्हा साहेब वर आला. मागून नाकेदार.

"मी साहेबांना म्हटलं होतं, धूर आहे म्हणून," नाकेदार कुणाला तरी सांगत होता. "साहेब म्हणाले, झाडांची वाफ आहे ती, बस खाली."

साहेबाचं तोंड उतरलं होतं. तरी त्यानं विचारायचं ते विचारलं. "ही आग कुणी लावली?"

भीमसिंगनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती रुपीबाईवर आणून ठेवली. गप राहा, असं सांगणारी ती नजर तिला चांगली ठाऊक होती. तिनं तोंडावरचा घुंगट दोन्ही हातांनी मागं टाकला. लग्न होऊन आल्यापासून भीमसिंगनं तिचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. काजळीनं माखलेलं होतं.

"सायेब, आग लावणारा तं जेलात हाय," ती म्हणाली. "नायकानंच देल्ला ना तुमाले. पुसा त्यायले. दुसरा पाह्यजे असन तं तो बी देतीन."

भीमसिंगनं डोक्याचं पागोटं काढलं आणि मांडीवर ठेवलं. त्याचं टक्कल पाहायचीही कुणाला सवय नव्हती.

"आजची काडी माह्या घरची," तो म्हणाला. "आन त्या टाइमाले कोनीच लावली नव्हती. म्या खोटं बोला लावलं पोराले."

हे सगळं साहेबानं लिहून वर पाठवलं. पण कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत शंकरसिंगचा महिना भरत आला, आणि तो सुटला तो शिक्षा भोगूनच.

तो आला तेव्हा दुपार होती. जेलातून आलेल्या माणसाच्या पायावर घरच्या बाईनं पाणी घातल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नाही, अशी तांड्याची रीत. तो दारात उभा राहिला. गालफडं बसली होती. शेजारपाजारची माणसं आपापल्या दारांतून पाहत होती, भीमसिंगही होता. रुपीबाई भरला लोटा घेऊन बाहेर आली. तिनं पाणी घातलं नाही. ओढ्यापलीकडं बोट दाखवलं. डोंगरावर निळाई उभी होती.

"काय हाय ते?" तिनं विचारलं.

शंकरसिंगनं डोंगराकडं पाहिलं, मग भीमसिंगकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"तू म्हनशीन ते," तो म्हणाला.

तिच्या डोळ्यात पाणी आलं ते रागाचंच होतं. महिनाभर ती साहेबावर चिडली, नायकावर चिडली, पण तिचा खरा राग कुणावर होता ते तिला या क्षणी कळलं. तिनं लोटा मागं घेतला.

"मी नाई म्हननार. नायक बी नाई म्हननार. डोळे तुहे हायेत. तू पाह्य, आन तू सांग. तोवर उन्हातच राह्य."

आणि ती खरंच उंबऱ्यावर बसली, लोटा मांडीवर घेऊन. कुणीतरी शेजारीण काही बोलायला पुढं झाली, तिला रुपीबाईनं नुसत्या नजरेनं परत पाठवलं. शंकरसिंग डोंगराकडं तोंड करून उभा राहिला. घाम त्याच्या मानेवरून खाली उतरत होता. मचाणावर बसून तो जसा पाहायचा तसा, डोळे बारीक करून, तो पाहू लागला. बूड शोधत होता. बूड नव्हतं.

"धूर नोहे," तो शेवटी म्हणाला. मग दारांकडं वळून पुन्हा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "धूर नोहे तो. म्या आग लावली नाई."

रुपीबाई उठली आणि त्याच्या पायावर पाणी घातलं.